काडीचं दुसरं टोक

रूथ, काल दुसरा रविवार झाला, शांतीचा. मी गेले होते.

खरं तर जाणार नव्हते. शनिवारी पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की मी काही तुमच्या चर्चची नाही, मला बायबलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि जिच्यामुळे मी येत होते ती आता नाही. ते म्हणाले, मुलं येतील हो, त्यांना कुणीतरी ओळखीचं दिसायला हवं. मी नाही म्हणून फोन ठेवला आणि रविवारी सकाळी आंघोळ करून उस्मानपुऱ्यातून रिक्षा पकडली. हे म्हणाले, जाणार नव्हतीस ना?  मला बोलायचं नव्हतं. तुझ्यावर रागावले होते, अजूनही रागावलेलीच आहे.

तुझ्या दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले की आपली ही बहीण सदैव तयार होती, दिवा तेवता ठेवून बसली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला उठून सांगावंसं वाटलं की काही तयार नव्हती हो ती. जायच्या आदल्याच दिवशी तिनं उशांचे नवे अभ्रे धुऊन वाळत घातले होते, केकसाठी मनुके आणून डब्यात भरले होते, आणि मला विचारत होती की पुरुषमाणसाला जेवायला काय करू, भरलं वांगं की वालाच्या शेंगा. ती तयारी देवाकडे जायची नव्हती. तुझा भाऊ दाविद रविवारी येणार होता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, त्याची होती. आणि बुधवारी सकाळी तू गेलीस. रविवारपर्यंत थांबायला काय झालं होतं तुला?

लोक मला येऊन सांगतात, त्रास झाला नाही, झोपेतच गेली, भाग्य लागतं. मी हो हो करते. भाग्य कुणाचं ते मला कळत नाही. बालवाडीत तुझ्या वर्गात शुक्रवारपासून एक नवी मुलगी बसवली आहे, ती फार गोड आवाजात बोलते आणि पोरं तिला अजिबात जुमानत नाहीत. पार्टिशनच्या पलीकडून गलका ऐकू येतो आणि मला उठून तिकडे जावंसं वाटतं. मग आठवतं, जाऊन कुणाला काय सांगणार?

त्या पार्टिशनपासूनच आपली ओळख. तुझा छोटा गट, माझा मोठा. तुझा आवाज कधी ऐकू यायचा नाही आणि तरी तुझी मुलं जागेवर असायची, याचा मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. मी दिवसभर ओरडून घसा बसवून घेणारी. एकदा तू डबा खाताना म्हणालीस, "वसू, पोरावर ओरडायचं असलं ना, तर आधी त्याच्याजवळ चालत जा. जाईपर्यंत निम्मं ओरडणं सरतंय." मी तेव्हा तुला म्हटलं की माझा वर्ग मोठा आहे, चालता चालता माझी तंगडी तुटेल. पण दुसऱ्या दिवशी करून बघितलं. त्यानंतर इतकी वर्षं माझा घसा बसला नाही. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मैत्रिणीचे आभार काय मानायचे, असं वाटायचं.

मग एका डिसेंबरात तुझ्या रविवारच्या वर्गाला मदत करणारी मुलगी लग्न होऊन सासरी गेली, आणि तू मला म्हणालीस की चार रविवार चल, कागद कापायला कुणीतरी लागतंय. मी देवळातसुद्धा प्रसादापुरती जाणारी बाई. घरी हे म्हणाले, आता बाप्तिस्मा घेणार की काय? म्हटलं, केक चांगला असला तर विचार करीन. गेले, आणि मग दर वर्षी जात राहिले. चर्चमागची ती खोली, पिवळ्या रंगाची, एका भिंतीला ओल आलेली. मला ती आपल्या बालवाडीपेक्षा जास्त माझी वाटायला लागली.

तोवर नाताळ म्हणजे माझ्या लेखी एका दिवसाचा सण होता. त्याच्या आधी चार रविवार नुसते वाट बघण्याचे असतात, त्याला आगमनकाळ म्हणतात, दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते, आशेची, शांतीची, आनंदाची, प्रीतीची, हे मला तुझ्याकडून कळलं. तीन जांभळ्या, एक गुलाबी. अख्ख्या गुलमंडीच्या बाजारात जांभळी मेणबत्ती मिळाली नाही तेव्हा आपण पांढऱ्यांनाच माझ्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या बांधल्या होत्या, आणि त्यानंतर मिळाल्या तरी आपण त्याच पट्ट्या वापरत राहिलो. मेणबत्त्यांच्या शेजारी गव्हाण असायची, आंब्याच्या रिकाम्या खोक्याची. मुलांना तू सांगायचीस की बाळ येणार आहे आणि त्याला निजायला नुसती फळी आहे, ती टोचणार.

पाच-सहा वर्षांच्या पोरांना तयारी म्हणजे काय हे कसं समजवायचं, ते मी तुझ्याकडे बघून शिकले. आधी तू त्यांच्याकडून खोली झाडून घ्यायचीस. मग विचारायचीस, घरी पाहुणा येणार असला की काय होतं? कुणी म्हणायचं, मम्मी चादर बदलते. कुणी म्हणायचं, पप्पा समोसे आणतात पण आम्हाला पाहुणे गेल्यावर मिळतात. जोएल एकदा म्हणाला की मम्मी-पप्पा भांडायचं थांबतात आणि पाहुणा गेला की जिथं थांबले होते तिथून सुरू करतात. मला हसू आवरेना. तू हसली नाहीस. म्हणालीस, "बरोबर आहे. पण आपला पाहुणा जाणार नाही, राहायलाच येतोय. मग भांडण कुठं ठेवायचं?" मुलं विचारात पडली. मीपण पडले, कारण आदल्या रात्री आमच्याकडेही तेच झालं होतं.

आणि शांती म्हणजे काय, असं विचारलं की सगळी पोरं एका सुरात, हाताची घडी, तोंडावर बोट. हा आपला बालवाडीवाल्यांचाच पराक्रम. तू म्हणायचीस, ते गप्प बसणं झालं. शांती म्हणजे ज्याच्याशी कट्टी आहे त्याच्या शेजारी बसून खाऊ खाता येणं. तिथूनच तुझी ती काडीची पद्धत आली. ज्यानं कुणाशी धरलेली कट्टी सोडली त्यानं वाळल्या गवताची एक काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे चौथ्या रविवारपर्यंत बाळाचं अंथरूण थोडं तरी मऊ होईल.

पहिल्याच वर्षी मी त्यात खोट काढली. मुलं मूठमूठभर काड्या टाकत होती. मी सोडली कट्टी, म्हणायचं आणि टाकायची. ज्याच्याशी कट्टी त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही, ते कोपऱ्यात अजून गाल फुगवून बसलेलं. मी म्हटलं, रूथ, ही फसवणूक आहे, एका हातानं टाळी वाजत नाही. दोघांनी एकच काडी दोन टोकांना धरायची, बट्टी म्हणायचं आणि दोघांनी मिळून गव्हाणीत ठेवायची. तू म्हणालीस, समोरचा तयार नसला तर? मी म्हटलं, तर काडी नाही.

तू गव्हाणीतल्या काड्या सारख्या केल्यास. मग म्हणालीस की आपल्या हातात फक्त वाट झाडणं असतं, येणाऱ्याचे पाय आपल्या हातात नसतात, आणि ज्यानं झाडली त्याचीही एक काडी धरायला हवी. मी म्हटलं, मग ती तयारी झाली, शांती झाली नाही. शेवटी मुलांना माझाच नियम आवडला, कारण त्यात दोघांना मिळून काहीतरी करायला मिळत होतं. नियम तू मान्य केलास, वाद मात्र सोडला नाहीस. दर डिसेंबरात रिक्षात बसलं की पुन्हा तोच विषय. तू म्हणायचीस, वसू, तू लई हिशेबी. मी म्हणायचे, रूथ, तू भाबडी. अजूनही मला वाटतं माझंच बरोबर होतं. हेच तर वाईट आहे.

भाबडी म्हणायचे खरी, पण तू भाबडी नव्हतीस. आपल्या शहरात वातावरण तंग झालं होतं त्या दिवसांत, दुकानांची शटरं खाली, बालवाडी बंद, मग उघडली तेव्हा आपली पोरं चक्क दंगल-दंगल खेळायला लागली होती. इकडची पाच तिकडची पाच, कागदाचे बोळे करून फेकायचे, एकानं पोलीस व्हायचं. मी धावत गेले आणि चांगलं खडसावलं. तू मला मागून धरलंस आणि खेळू दिलंस. खेळून दमली तेव्हा म्हणालीस, आता हे दगड कोण उचलणार? पोरं म्हणाली, दगड कुठंयत, कागद आहेत. तू म्हणालीस, खेळात दगड होते ना, मग दगडच. मारणाऱ्यांनी आणि ज्यांना लागलं त्यांनी मिळून उचलायचे. सगळे बोळे गोळा होईपर्यंत घरी सोडलं नाहीस. आया दारात खोळंबून उभ्या. दुसऱ्या दिवशी तो खेळ कुणी काढला नाही, उचलायचा कंटाळा. मी मनात म्हटलं, ही बाई पोरांना नाही, मला शिकवते आहे. तुला मात्र म्हटलं की उगाच अर्धा तास उशीर केलास.

इतकं सगळं करून तुझी स्वतःची काडी कधी पडली नाही. मुलं विचारायची, बाई, तुमची कुणाशीच कट्टी नाही का? तू म्हणायचीस, आहे. कुणाशी? तर, पुढच्या वर्षी सांगते. मला तू एकदाच सांगितलंस, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर.

तुझी आई वैजापूरला दाविदकडे असायची. ती गेली तेव्हा तू नागपूरला प्रशिक्षणाला होतीस. मे महिना होता. तू दाविदला फोनवर सांगितलंस की निघालेय, मला तोंड बघू दे, थांब. वाटेत बस बंद पडली. तू पोचलीस तेव्हा कबरीवरची माती सारखी करत होते. दाविद म्हणाला, आक्का, ऊन लई होतं, बर्फ मिळाला नाय, लोक घाई करायले. तासाभराचा फरक पडला होता. तू त्याच्या घरात पाणीही न पिता त्याच बॅगेसकट परत फिरलीस. बाहेरून बघणाऱ्याला यात कुणाची फार चूक दिसणार नाही. तुझ्या आत मात्र तो तास बसला तो बसलाच. नवरा लवकर गेलेला, पोर नाही, एक धाकटा भाऊ होता, त्याच्याशीही बोलणं बंद. आणि जिच्यासाठी कुणी तासभर थांबलं नाही, ती दर वर्षी दुसऱ्यांच्या पोरांना वाट बघायला शिकवत होती. मी तुला कितीदा म्हटलं की त्याला फोन कर. तू म्हणायचीस, तुझ्याच नियमानं दोघं तयार लागतात ना? आणि विषय बदलायचीस.

या वर्षी पहिल्या रविवारी आशेची मेणबत्ती लावून झाली आणि तू मुलांपुढे मांडी घालून बसलीस. म्हणालीस, "माझी माझ्या भावाशी कट्टी आहे. लई दिवसांची. पुढच्या रविवारी तो इथं येणार आहे. मग आम्ही दोघं काडी धरणार." माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. एस्तेर, आपली ती दोन वेण्यांची न्यायाधीश, लगेच म्हणाली, आधी कोण बोललं? तू म्हणालीस, मी. मग तुमची चूक होती का? तू म्हणालीस, ज्याची चूक त्यानंच आधी बोलावं असं कुठं असतं गं? एस्तेरला ते पटलं नाही, पण तिनं सोडून दिलं.

रिक्षात मी तुला विचारलं, फोनवर काय बोललीस? म्हणालीस, "ये म्हणलं. बाकी आल्यावर." मी म्हटलं, बाकी म्हणजे काय? माफ केलं म्हणणार की जाब विचारणार? तू बाहेर बघत राहिलीस. मला वाटलं, सांगशील पुढच्या आठवड्यात. माझं घर आलं आणि मी उतरले.

मग बुधवार. आणि गुरुवारी तुला पोचवायचं होतं.

दाविदला मी स्वतः फोन केला होता. तो नुसतं बरं म्हणाला. चर्चमध्ये उपासना झाली, आम्ही कबरस्थानात आलो, तरी त्याचा पत्ता नाही. पाळकसाहेबांनी मला विचारलं, काय करायचं, कारण तुझ्या मागे विचारावं असं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, थांबायचं. पुरुष मंडळी घड्याळं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, वैजापूर काही लांब नाही, येणारा असता तर आला असता. मी पेटीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की झाकण लावू देणार नाही. समोरचा तयार नसला तर काडी नाही म्हणणारी मी, आणि तीच मी तिथे त्याची वाट बघत उभी होते. फोन लावत होते, तो उचलत नव्हता. डिसेंबरातलं ऊन, उतरलं की उतरतं. शेवटी एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्यापुढे हात जोडले. मग मी बाजूला झाले.

तुझा भाऊ आला नाही, रूथ. मला वाटलं होतं मी रडेन. पण मला त्याची गचांडी धरावीशी वाटत होती.

आणि काल मी त्या पिवळ्या खोलीत गेले तर मुलांनी खोली आधीच झाडून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. सगळी ओळीत बसली होती, पुढे तुझी जागा मोकळी सोडून. एस्तेरनं विचारलं, बाई देवबापाकडे गेल्या ना? मी म्हटलं, पाळकसाहेब तसं म्हणतात. आणि बाळ येशूपण तिकडूनच येणार ना? मी म्हटलं, हो. "मग बाई त्याच्यासोबतच येतील," ती म्हणाली, आणि वर्गाला ते एकदम पटलं. जोएल तर म्हणाला, दोघांसाठी अंथरूण करावं लागेल.

तूच शिकवलंस त्यांना की जागा करा, वाट बघा, येणारा येतो. त्यांनी नीट ऐकलं होतं, तेवढंच त्यांचं चुकलं. मी म्हटलं, बाई येणार नाहीत. का? मला माहीत नाही. तुझ्या माणसांकडे याला काहीतरी उत्तर असेल. मी दुसरी मेणबत्ती लावली. खिडकीतून वारा येत होता, दोनदा विझली, तिसऱ्यांदा राहिली. शांतीबद्दल काय बोलायचं ते मी रिक्षात ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हटलं, कट्टी-बट्टी करायची असेल त्यांनी करा. कुणी उठलं नाही.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, कुणाच्या लग्नाला आल्यासारखा. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. कपाळ अगदी तुझं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आक्कानं आज बोलावलं होतं," तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत एस्तेर उठली. तिनं विचारलं, तुम्ही बाईंचे भाऊ का, कट्टीवाले? तो व्हय म्हणाला. ती गवताच्या पेंढीशी गेली, चांगली लांब काडी निवडली आणि तिचं एक टोक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते धरलं. त्याला काय करायचं ते माहीत नव्हतं, पण मुलांनी दिलं म्हणून धरलं. दुसरं टोक तसंच हवेत. सगळी मुलं त्या टोकाकडे बघत होती. जोएल पुढे झाला, म्हणाला, बाईंच्या बदली मी धरतो.

"नाही चालत," एस्तेर म्हणाली. "ज्याची कट्टी त्यानंच धरायची. दोघं लागतात."

माझाच नियम, माझ्याच शब्दांत. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण नियम बदलायचा तर बाईच बदलणार. मी उठून ते टोक धरू शकत होते. पाळकसाहेब असते तर त्यांनी धरलं असतं आणि म्हणाले असते, बाईंनी केव्हाच क्षमा केली आहे. मी बसून राहिले. रागानं असेल. गुरुवारचा तो अंधार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण नुसता राग नव्हता, रूथ. तुझ्या वतीनं माफ करायला मी कोण? तू काय करणार होतीस तेच मला माहीत नव्हतं, आणि तुझ्या वर्गात मुलांसमोर मला ते ठोकून द्यायचं नव्हतं.

 त्यानं काडी टेबलावर ठेवली, गव्हाणीच्या बाहेर, आणि निघून गेला.

मी मागोमाग गेले. तो पायरीवर बसला होता. मी बसले नाही. विचारलं, गुरुवारी का आला नाहीत? तो म्हणाला की मार्केट यार्डातून सुट्टी काढून स्टँडवर गेला होता, बसमध्ये बसलाही होता.

"मंग उतरलो," तो म्हणाला. "मी आक्काला घंटाभर थांबलो नव्हतो. मला कोण थांबल, म्हणलं."

मी गप्प राहू शकले असते. त्यानं विचारलं नव्हतं. पण मी म्हटलं, "थांबलो होतो. अंधार पडेपर्यंत."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याचे हात नुसते गुडघ्यांवर पडले होते, वजनकाट्यावर काम करणाऱ्याचे जाड हात. मग त्यानं विचारलं, "तुम्ही तिच्या मैत्रीण. काय म्हणणार होती ती मला?" मी उलट त्यालाच विचारलं, फोनवर काय म्हणाली? तो म्हणाला, "ये म्हणली. बाकी आल्यावर."

म्हणजे त्यालाही तू एवढंच सांगितलंस. म्हणजे ते बाकी आता या जगात कुणालाच माहीत नाही. मी आदल्या रविवारी रिक्षातून उतरले नसते, अजून जरा खोदून विचारलं असतं, तर आज त्या पायरीवर त्याला एक वाक्य तरी देता आलं असतं. तुला ओळखते म्हणून सांगते, तू त्याला जवळ घेतलं असतंस हेही मला शक्य वाटतं, आणि जेवायला वाढून झाल्यावर विचारलं असतंस की तासभर का नाही रे थांबलास, हेही शक्य वाटतं. मी त्याला म्हटलं, मला ठाऊक नाही. त्यानं मान हलवली, चपला घातल्या आणि फाटकाकडे चालत गेला. मी त्याला चहा विचारला नाही. तुझ्या घरी धुतलेले अभ्रे मी घडी करून ठेवले आहेत, तेही सांगितलं नाही.

आत आले तर मुलं होती तशी बसली होती. एस्तेर म्हणाली, "मग बाईंची कट्टी आता कायमची?"

तू असतीस तर आधी चालत तिच्याजवळ गेली असतीस, खाली बसली असतीस, आणि मला सुचणार नाही असं काहीतरी बोलली असतीस. मी दारातूनच हो म्हणाले.

 मग एस्तेर उठली, पेंढीतून एक काडी ओढली आणि जोएलपुढे धरली. आठवड्यापासून त्यांची कट्टी होती, रंगीत खडूवरून. त्यानं झटकन दुसरं टोक पकडलं. मग आणखी दोघं उठले, मग सगळीच. पेंढीवर झुंबड उडाली. ज्यांच्यात कट्टी नव्हती तेही एकमेकांना ओढून आणत होते, न जाणो, असलीच तर. नुसतं बट्टी, बट्टी चाललं होतं आणि एकही मूल हसत नव्हतं. सगळ्यात छोटी ती, तिला कुणी जोडीदार उरला नाही, ती एक टोक धरून खोलीभर रडत फिरत होती, तेव्हा दोघीतिघींनी मिळून तिचं दुसरं टोक धरलं आणि तिच्या मागे दाराकडे बघितलं, कुणी निघून तर जात नाही ना.

गव्हाण काल भरली, रूथ. तुझ्या वेळी चौथ्या रविवारीसुद्धा तळ दिसायचा, तो काल दिसेनासा झाला. आणि त्यातली एकेक काडी पोरांनी घाबरून टाकली आहे. हे मी शिकवलं, तुझ्या खोलीत, शांतीच्या रविवारी. आता त्यावर ते बाळ कसं झोपवायचं, ते सांगायला तू असायला हवी होतीस.